गणिताचे संशोधन वर्गापर्यंत नेणाऱ्यांचा पुरस्कार

सहावीच्या वर्गात विचारून पाहा: ०.४ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या कोणती? बऱ्याच वह्यांत ०.३५ हे उत्तर सापडेल. कारण विचारले तर मूल अगदी शांतपणे सांगते, 'चारपेक्षा पस्तीस मोठे.' काही मुले ०.४ म्हणतात आणि आपण खूश होतो. मग त्याच मुलांना ०.४५ आणि ०.३ द्या. त्यांतली काही जण ०.३ मोठी म्हणतील, कारण त्यांच्या डोक्यात वेगळाच नियम आहे: दशांश चिन्हापुढे अंक जास्त म्हणजे तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. म्हणजे आधीचे बरोबर उत्तरही चुकीच्या नियमातूनच आले होते, आणि आपण त्यावर टिकमार्क करून मोकळे झालो.

या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांच्यामागे मुलांनी स्वतःच बांधलेले पक्के नियम असतात, हे गणित शिक्षणाच्या संशोधकांना चाळीसहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. त्यावर भरपूर लिहिले गेले, चर्चासत्रे झाली. पण मंगळवारी तिसऱ्या तासाला वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला हे सगळे कळून तरी नेमके काय करायचे? मुलांना कोणता प्रश्न द्यायचा, किती वेळ द्यायचा, कोण काय बोलले की त्यावर काय विचारायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधनिबंधात नसतात. ती शोधून, वर्गात तपासून, हातात धरता येईल अशा पाठात उतरवणे हे वेगळेच काम आहे, आणि त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे: एम्मा कास्तेलनुओव्हो पुरस्कार.

तो देते 'इक्मी', म्हणजे गणित शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग. १९०८ मध्ये रोमला भरलेल्या जागतिक गणितज्ञ परिषदेत हा आयोग स्थापन झाला आणि जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आयोगाची दोन पदके आधीपासून आहेत, क्लाइन पदक आणि फ्रॉइडेंथाल पदक. पहिले आयुष्यभराच्या संशोधनासाठी, दुसरे एखाद्या मोठ्या संशोधन-कार्यक्रमासाठी. २००३ मध्ये ती प्रथम फ्रान्सचे गी ब्रुसो आणि ब्रिटनच्या सेलिया हॉइल्स यांना मिळाली. दोन्ही पदके संशोधकांची. वर्गातल्या शिकवण्यात प्रत्यक्ष बदल घडवणाऱ्या कामाला काहीच नव्हते. ती उणीव भरून काढायला २०१३ मध्ये हा तिसरा पुरस्कार जाहीर झाला. तो चार वर्षांतून एकदा दिला जातो, आणि एका व्यक्तीलाच मिळतो असे नाही. गट, प्रकल्प, संस्था, संघटना, कोणालाही मिळू शकतो. हे मला फार योग्य वाटते, कारण असले काम एकट्याच्या बळावर सहसा होतच नाही.

ज्यांचे नाव पुरस्काराला आहे त्या एम्माबाई स्वतः शाळेत शिकवत होत्या. जन्म १२ डिसेंबर १९१३, रोम. वडील गिदो कास्तेलनुओव्हो आणि मामा फेडेरिगो एन्रिकेस, दोघेही बीजभूमितीतले जगप्रसिद्ध गणिती. रोमच्या १९०८ च्या त्या परिषदेचे आयोजन करणाऱ्यांत गिदो अग्रभागी होते. अशा घरातली मुलगी विद्यापीठात प्राध्यापक झाली असती तर कोणालाच नवल वाटले नसते. एम्मा १९३६ मध्ये पदवीधर झाल्या, १९३८ मध्ये शिक्षकपदाच्या स्पर्धा परीक्षेत निवडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे आणले. नोकरी गेली. मग त्यांनी रोममधल्या ज्यू मुलांच्या शाळेत शिकवले. युद्ध संपल्यावर 'तोर्क्वातो तास्सो' शाळेत रुजू झाल्या आणि १९७९ पर्यंत अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना तिथेच गणित शिकवत राहिल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये, वयाची शंभरी पार केल्यावर त्या गेल्या. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या हयात होत्या.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे सुतळीची. एक सुतळी घ्या, टोके बांधून वर्तुळाकार करा, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांत अडकवून आयत तयार करा. आता बोटे हळूहळू सरकवा. आयत लांबट होतो, उंची कमी होते. मुलांना विचारा, परिमितीचे काय झाले? तेवढीच, सुतळी तीच आहे. मग क्षेत्रफळाचे? 'तेवढेच' असे उत्तर हमखास येते. एकीकडे वाढले, दुसरीकडे तेवढेच घटले, फिटंफाट. यावर बोलून काही सांगू नका, बोटे नुसती सरकवत राहा. शेवटी वरची आणि खालची सुतळी एकमेकींना चिकटते आणि आत जागाच उरत नाही. परिमिती मात्र पूर्वीइतकीच! आकडे हवे असतील तर ४० सेंटिमीटर सुतळी घ्या: १० गुणिले १० केले तर १०० चौरस सेंटिमीटर, १५ गुणिले ५ केले तर ७५, १९ गुणिले १ केले तर उरले १९.

यात एक बारकावा आहे. स्थिर आकृतीत ही चूक दिसत नाही. फळ्यावर काढलेल्या दोन आयतांची क्षेत्रफळे मूल सूत्राने बरोबर काढेल आणि तरीही डोक्यातला 'फिटंफाट' नियम जागच्या जागी राहील. आकृती हलती ठेवून टोकापर्यंत नेली की तो नियम स्वतःच्याच वजनाने कोसळतो. १९४८ मध्ये आलेल्या त्यांच्या भूमितीच्या पाठ्यपुस्तकात हाच बाज होता: वस्तूपासून सुरुवात, व्याख्या नंतर.

पुरस्काराचे पहिले मानकरी होते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शेल सेंटर या गणित शिक्षणाच्या केंद्रातले ह्यू बर्कहार्ट आणि माल्कम स्वान. २०१६ मध्ये हॅम्बुर्गच्या जागतिक गणित शिक्षण परिषदेत त्यांना तो मिळाला. बर्कहार्ट मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. शिक्षणातल्या संशोधनाकडेही त्यांनी अभियंत्याच्या नजरेने पाहिले. पुलाच्या धातूचे गुणधर्म शोधणारा एक असतो, पूल बांधणारा दुसरा, आणि बांधणाऱ्याला वारा, ओझे, पैसे आणि गवंड्याचे कौशल्य, सगळे एकदम सांभाळावे लागते. शिक्षणात पहिल्या प्रकारची माणसे विद्यापीठांत भरपूर आहेत, दुसऱ्या प्रकारच्या कामाला मात्र मान नाही, ही त्यांची तक्रार. स्वान हे त्या दुसऱ्या कामातले उस्ताद. २०१७ मध्ये ते वारले.

दशांशाकडे परत येऊ, कारण स्वान यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमका तोच विषय घेतला होता. शिकवण्याच्या दोन रीती त्यांनी ताडून पाहिल्या. एका रीतीत मुलांना फक्त बरोबर पद्धत दाखवायची, चुकीच्या कल्पनांचा उल्लेखही करायचा नाही. दुसरीत आधी मुलांना त्यांच्या पद्धतीने सोडवू द्यायचे, मग तेच उत्तर दुसऱ्या मार्गाने, म्हणजे संख्यारेषेवर किंवा आकृतीवर, तपासायला लावायचे. दोन उत्तरे जुळत नाहीत हे मुलांच्याच लक्षात येते. मग चर्चा: असे का झाले? या दुसऱ्या रीतीने शिकलेल्यांची प्रगती जास्त झाली. शेल सेंटरच्या ॲलन बेल यांनी पुढे नेलेली ही 'निदान करून शिकवण्याची' पद्धत. यात चूक लपवायची नाही, तीच पाठाचा कच्चा माल.

ऐकायला हे सोपे वाटते. करायला अवघड, कारण त्यासाठी योग्य प्रश्न आधीपासून हाताशी लागतात. कुठलाही प्रश्न चालत नाही. ०.४ आणि ०.३५ चालतात, कारण तिथे चुकीचा नियम चुकीचे उत्तर देतो. ०.३ आणि ०.४५ विचारले तर 'पंचेचाळीस मोठे' म्हणणारे मूलही बरोबरच ठरते आणि शिक्षकाला काहीच कळत नाही. असे प्रश्न घडवणे हीच खरी कारागिरी.

या कारागिरीचा उत्तम नमुना म्हणजे अंतर आणि वेळ यांच्या आलेखावरचा शेल सेंटरचा पाठ. टॉम नावाचा मुलगा रोज सरळ रस्त्याने घरापासून बसथांब्यापर्यंत चालत जातो, अंतर १६० मीटर. एका दिवसाच्या प्रवासाचा आलेख दिला आहे. रेषा आधी वर चढते, मग खाली येते, मग पुन्हा जास्त तिरकी वर जाते आणि शेवटी आडवी होते. काय घडले ते सांगा. बरीच मुले लिहितात की टॉम टेकडी चढला, उतरला, पुन्हा चढला. प्रश्नात टेकडीचा उल्लेखही नसताना! मुले आलेखाला चित्र समजतात. खरे तर उभ्या अक्षावर घरापासूनचे अंतर आहे, म्हणून रेषा खाली येणे म्हणजे टॉम घराकडे मागे फिरला. काहीतरी विसरले असेल. आडवी रेषा म्हणजे थांब्यावर बसची वाट पाहणे.

हा प्रश्न मुले पाठाच्या आधी एकेकटी सोडवतात. शिक्षक कागद गोळा करतात आणि वाचतात, पण गुण देत नाहीत. पाठाच्या पुस्तिकेत नेहमी आढळणाऱ्या चुकांचा तक्ता असतो आणि प्रत्येक चुकीसमोर मुलाला विचारायचे प्रश्न. टेकडीवाल्याला सांगायचे नाही की तू चुकलास. विचारायचे: अमुक सेकंदांनी टॉम घरापासून किती लांब होता? त्यानंतर? मग तो कुठल्या दिशेला चालला होता? पुढच्या तासाला मुले दोघादोघांच्या किंवा तिघातिघांच्या गटात बसतात. प्रत्येक गटाला आलेखांची कार्डे आणि प्रवासाच्या वर्णनांची कार्डे मिळतात, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि मोठ्या कागदावर चिकटवून कारण लिहायचे. त्यात एक वर्णन मुद्दाम टेकडीचेच आहे: घरासमोरची टेकडी टॉम हळू चढला, माथ्यावरून चालला आणि पलीकडे भरभर उतरला. त्याचा आलेख टेकडीसारखा दिसेलच कसा? घरापासूनचे अंतर तर सतत वाढतच आहे. हे कार्ड ज्याने घातले त्याला मुलांची नस सापडली होती असे म्हटले पाहिजे. नंतर वेळ-अंतराच्या आकड्यांचे तक्ते येतात, वर्गाची एकत्र चर्चा होते आणि शेवटी प्रत्येकाला आपला जुना कागद परत मिळतो. तो स्वतःच सुधारायचा.

गुण का द्यायचे नाहीत? इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना कामावर फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. सुधारले ते फक्त शेरे मिळालेले. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांनी गुण पाहिले आणि शेरा वाया गेला. आपल्याकडच्या शिक्षकांना 'आकारिक मूल्यमापन' हे नाव परिचयाचे आहे, पण ते ऐकल्यावर आठवतात त्या नोंदवह्या आणि रकाने. मुळात कल्पना हीच होती: मूल कुठे अडले ते शिकवता शिकवता पाहायचे आणि त्याप्रमाणे पुढचे शिकवणे बदलायचे. नोंद झाली, पण पुढचा तास ठरल्याप्रमाणेच झाला, तर ते आकारिक राहत नाही.

टॉमचा पाठ हा अशा १०० पाठांपैकी एक. नॉटिंगहॅम आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून, गेट्स फाउंडेशनच्या पैशावर, अमेरिकेतल्या सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी ते तयार केले. प्रत्येक पाठ प्रसिद्ध होण्याआधी अनेक अमेरिकी वर्गांत शिकवून पाहिला गेला. मागे बसलेल्या निरीक्षकांनी काय झाले, मुले काय बोलली, शिक्षक कुठे अडखळले ते टिपले, पाठ बदलला आणि पुन्हा वर्गात नेला. हे सगळे पाठ इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत आणि लाखो वेळा उतरवून घेतले गेले आहेत.

उपयोग झाला का? केंटकी राज्यातल्या नववीच्या बीजगणिताच्या वर्गांचा अभ्यास झाला. शिक्षकांनी वर्षभरात यांतले चार ते सहाच पाठ घेतले होते. तरी त्यांची मुले तशाच पार्श्वभूमीच्या इतर मुलांपेक्षा साधारण ४.६ महिन्यांच्या शिकण्याइतकी पुढे दिसली. हा आकडा मी जरा जपूनच वापरेन. शिक्षक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, आणि 'इतके महिने' हे परीक्षेच्या गुणांवरून काढलेले रूपांतर आहे, त्यात ताणायला जागा असते. तरीही एवढ्याशा वापराचा परिणाम मोजमापात दिसावा ही लहान गोष्ट नाही. माझा तर्क असा की तो परिणाम पाच पाठांचा नसून उरलेल्या तासांचा आहे: पाच वेळा मुलांचे ऐकून घेतलेला शिक्षक सहाव्या वेळी पुस्तिकेशिवायही ऐकतो.

पाठ कितीही चांगला असला तरी तो परीक्षेपुढे टिकत नाही. बर्कहार्ट हे सतत सांगत: जे परीक्षेत, तेच वर्गात. यावर त्रागा करण्याऐवजी त्यांनी त्याचाच उपयोग करून घेतला, आणि मला विचाराल तर त्यांचे सर्वांत हुशार काम हेच. १९८०च्या दशकात मँचेस्टरच्या एका परीक्षा मंडळाबरोबर त्यांनी असा करार केला की सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत दरवर्षी फक्त एका नव्या प्रकारचा प्रश्न आणायचा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातला सुमारे ५ टक्के भाग त्या बदल्यात काढून टाकायचा, म्हणजे पोर्शन वाढला अशी ओरड नको. आणि शाळांना आधीच एक खोका पाठवायचा. त्यात नमुना प्रश्न आणि मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिका, साधारण तीन आठवड्यांचे पाठ आणि शिक्षकांनी आपसात बसून करायच्या प्रशिक्षणाचे साहित्य. १९८४ मध्ये आकृतिबंध आणि संख्यांवरचा खोका आला, १९८५ मध्ये फलने आणि आलेखांवरचा. हा दुसरा स्वान यांचा, आणि तो आजही वापरला जातो. शिक्षकांना हे आवडले, कारण एका वर्षात एकच नवी गोष्ट पचवायची होती. पण १९८८ मध्ये इंग्लंडची ती परीक्षाच बदलली आणि व्यवस्था बंद पडली. चालू असलेली चांगली गोष्ट सुधारणेच्या लाटेत वाहून जाण्याचा अनुभव काही आपलाच खास नाही.

पुढच्या वेळी, २०२० साठी, पुरस्कार अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेला मिळाला. १९२० मध्ये स्थापन झालेली ही शिक्षकांची संघटना. १९८९ मध्ये तिने शालेय गणिताची मानके प्रसिद्ध केली आणि अमेरिकाभर त्यावर वाद पेटले. संशोधन आणि वर्ग यांना जोडणाऱ्या लेखनासाठी तिचा स्वतःचा वेगळा पुरस्कारही आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे संशोधन करणारी मोठी संस्था म्हणजे मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, १९७४ पासून. अपूर्णांक, बीजगणित, मुलांच्या चुका यांवर तिथे गंभीर काम झाले आहे. कमतरता आहे ती मधल्या दुव्याची. बालभारतीचे पुस्तक आणि शिक्षकाचा चाळीस मिनिटांचा तास यांच्यामध्ये, मराठीत, दहा वर्गांत शिकवून तपासलेला, चुकांच्या तक्त्यासह आलेला पाठ ठेवायला हवा. साठ मुलांच्या वर्गात गटचर्चा कशी होणार हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो पाठ नॉटिंगहॅममध्ये लिहून चालणार नाही.

तोवर स्वान यांचा एक प्रकार कसल्याही साहित्याशिवाय करता येतो. फळ्यावर विधाने लिहा आणि प्रत्येकाबद्दल ठरवायला सांगा: नेहमी खरे, कधी-कधी खरे, की कधीच नाही. 'ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी.' 'गुणाकार केला की संख्या वाढते.' 'आयताची परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढते.' 'किंमत आधी १० टक्के वाढवली, मग १० टक्के कमी केली, की मूळ किंमत येते.' सुरुवातीला कोणालाही बरोबर-चूक म्हणू नका, बाजूने आणि विरोधात उदाहरणे तेवढी लिहून घ्या. 'कधी-कधी' हे उत्तर आले की तिथे थांबू देऊ नका, नेमके कधी आणि कधी नाही ते लिहायला लावा. किमतीच्या विधानावर वर्गात हटकून दोन तट पडतात. १०० रुपयांचे ११० होतात आणि ११० चे ९९, एवढे गणित कोणीतरी मांडतेच. मग विचारा: आधी कमी करून मग वाढवले असते तर?